लोहचुंबकाने स्टीलची भांडी पारखू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

भांड्यांच्या दुकानात लोहचुंबक लावून स्टील पारखण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. चिकटला तर माल हलका, नाही चिकटला तर अस्सल, असे दुकानदारही सांगतात. हा समज चुकीचा आहे, आणि त्यात नुकसान गिऱ्हाइकाचेच होते.

चांगल्या भांड्यांना वापरतात त्या 304 क्रमांकाच्या प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. निकेलमुळे त्याला चुंबक चिकटत नाही. पण निकेल महाग. म्हणून 200 मालिकेच्या स्टीलमध्ये ते कमी करून मँगनीज वाढवतात. बाजारात ‘जे-4’ म्हणतात त्यात तर निकेल जेमतेम एक टक्का असते. तरी मँगनीजमुळे यालाही चुंबक चिकटत नाही! नेमका हाच माल 304 म्हणून खपतो. उलट 430 हे बिननिकेलचे स्टील चुंबकाला चिकटते, पण त्यात 16 ते 18 टक्के क्रोमियम असते आणि इंडक्शनच्या भांड्यांचा तळ त्याचाच करतात. शिवाय अस्सल 304 चे खोल पातेले यंत्रावर ओढून घडवताना धातूची आतली रचना थोडी बदलते आणि काठाशी चुंबक किंचित ओढला जातो. तेवढ्यावरून ते परत करू नये.

हलके स्टील म्हणजे विष नव्हे. पिठाचे, डाळीचे डबे, ताटे यांना ते चालते. आमटी, सार, चिंच-कोकम आणि मीठ यांच्या भांड्यांसाठी मात्र 304 च घ्यावे.

आता वापराविषयी. स्टील गंजत नाही ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. ओरखडा गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनने हा थर पुन्हा धरतो. त्याचा खरा वैरी मीठ. गार पाण्यात मीठ टाकले की खडे तळाशी बसतात, तिथे मिठातले क्लोराइड साचून थर फुटतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत. म्हणून पाण्याला उकळी आल्यावर मीठ घालावे आणि लगेच ढवळावे. लोणचे बरणीतच ठेवावे. पिंप, टाकी धुताना ब्लिचिंग पावडर वापरली तर ती तशीच राहू देऊ नये.

साध्या लोखंडी तारेच्या घासणीचे कण भांड्यावर रुततात आणि तेच गंजतात. दोष मात्र स्टीलला लागतो. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर एक भाग व्हिनेगर व तीन भाग पाणी गरम करून निघतो. जास्त तापल्याने आलेली निळसर-सोनेरी झाक निरुपद्रवी असते, तीही व्हिनेगरने पुसता येते. तळाला करपले असेल तर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटे उकळावे आणि लाकडी उलथन्याने सोडवावे. दूध तळाला लागते ते स्टील उष्णता नीट पसरवत नाही म्हणून; अ‍ॅल्युमिनियम ती दहापटीहून अधिक चांगली वाहून नेते. मधे अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला जाड तळ यासाठीच असतो, त्याचे जादा पैसे द्यायला हरकत नाही.

मग खरेदी करताना पाहायचे काय? केंद्र सरकारच्या 14 मार्च 2024 च्या आदेशाने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. मानक आयएस 14756. चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. किलोवर घेतलेल्या मालाच्या बिलावर केवळ ‘स्टील भांडी’ असे न लिहिता 304 की 200 मालिकेतले 202 हे दुकानदाराने लिहून द्यावे, असा आग्रह गिऱ्हाइकांनी धरावा आणि व्यापारी संघटनांनीही ही पद्धत स्वतःहून सुरू करावी, ही विनंती.

आपला,
भांडी व्यवसायातील एक वाचक, पुणे