खाजन आणि मानशीचं नातं मोबाईलला कोण सांगणार?

संपादक महोदय,

परवा मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांची, माहिती हवी होती. मोबाईलवर 'मानस' टाकलं तर आसामचं अभयारण्य आलं, 'सडा' (आमच्याकडे डोंगरमाथ्यावरचं कातळी पठार) टाकलं तर अंगणातला शेणाचा सडा. आणि इथे गोव्यात दिवाडी बेटावर आमच्या घरामागच्या बांधावरच मानस आहे, भरती चढली की पाण्याच्या दाबानेच तिची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं, म्हणून तर खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, कोरगुट हा खारेपणा सोसणारा भात पिकतो.

मग मी जरा वाचलं. दोन शब्द अर्थाने किती जवळ हे कॉम्प्युटरला बरोबर कळतं की नाही ते तपासायला आधी माणसांकडून मार्क घेतात. 1965 साली रुबेनस्टाईन आणि गुडइनफ यांनी 51 जणांना इंग्रजी शब्दांच्या 65 जोड्या दिल्या, 0 ते 4 मार्क. त्यात किनाऱ्याच्या दोन शब्दांना 3.60 मिळाले, किनारा-टेकडीला 1.26. पुढे 2014 मध्ये आंद्रेआ बल्लातोरे आणि सोबत्यांनी फक्त भूगोलाच्या शब्दांच्या 50 जोड्या घेतल्या, मार्क देणारे 203 जण, सगळे इंग्रजी मातृभाषेचे. त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली, सारखेपणा वेगळा मोजला आणि संबंध वेगळा. होडी आणि फेरीबोट सारख्या, फेरीबोट आणि धक्का सारखे नाहीत पण एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही.

आपल्याकडे हाच फरक महत्त्वाचा आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. खाजन म्हणजे जमीन, मानस म्हणजे दारं, नुसत्या प्रकार-उपप्रकाराच्या शिडीवर मोजलं तर दोन्ही लांब पडणार. पण मानस मोडली तर खारं पाणी आत शिरून शेत गेलंच समजा! तसंच सडा आणि झर, म्हणजे झरा. दिसायला काही साम्य नाही, पण पावसाचं पाणी सड्यावर मुरतं तेव्हा पायथ्याची झर वाहते, सडा खणला की झर आटते.

रात्री जेवताना घरीच मार्क घेतले. सासऱ्यांनी खाजन-मानशीला लगेच 4 दिले, वर 'हे काय विचारायचं?' म्हणाले. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या भाचीने 1 दिला, तिला मानस माहीतच नव्हती. सडा-झरीला सासऱ्यांचे 3, तिचा 0. हे बघून खरंच वाईट वाटलं, कारण उद्या मोबाईलला शिकवणारे तिच्या वयाचेच असणार.

पाया तयार आहे, आयआयटी मुंबईत मराठीचं वर्डनेट, म्हणजे शब्द अर्थाने एकमेकांना जोडणारा कोश, झालं, गोवा विद्यापीठात कोंकणीचं. आता आपल्या जमिनीच्या शब्दांना माणसांचे मार्क हवेत आणि ते गोव्यातल्या पेडणे, सत्तरी, सासष्टी सगळ्या तालुक्यांतून हवेत, कारण किनाऱ्यावरच्याला खाजन जवळचं तर सत्तरीतल्याला कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. शेतकरी, मानशीवर मासे धरणारे, मिठागरवाले यांना आधी विचारा, नुसतं कॉलेजच्या पोरांना नको.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अशा जोड्या छापा, वाचक मार्क लिहून पाठवतील, संबंधाचे वेगळे आणि सारखेपणाचे वेगळे. वीस जोड्या मी लिहून काढल्यात, या पत्रासोबतच पाठवतेय.

एक वाचक, दिवाडी