सेलर यांचे नाव राहून गेले

अमेरिकेतील मराठी कुटुंबांवरचा रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र केवळ गुणवत्तेने त्यांना अमेरिकेची दारे उघडली, हे त्यातील म्हणणे पटत नाही. ब्रुकलिनचे वकील इमॅन्युएल सेलर १९२३ मध्ये प्रतिनिधीगृहात आले आणि १९२४च्या देशवार कोट्याच्या स्थलांतर कायद्याविरुद्ध उभे राहिले. तेव्हा ते हरले. १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण कोटा वर्षाला अवघा १०० जणांचा! ती कोटापद्धत मोडणारा १९६५चा कायदाही सेलर यांच्याच नावाचा. माझा थोरला भाऊ १९७१ साली इंजिनिअर म्हणून तिकडे स्थायिक झाला, तो त्याच कायद्यामुळे. एकेचाळीस वर्षे एकच मुद्दा लावून धरणाऱ्या या लोकप्रतिनिधीचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याची खंत वाटते.

– एक वाचक, ठाणे