लेइंग नाही, लाइंग: मनूला पत्र

मनू,

काल तू फोन ठेवलास त्यानंतर मी दोनदा लावला, उचलला नाहीस, म्हणून लिहितोय. रागावली असशील तर रागाव, पण हे वाच. आणि आधी एक सांग, ताप आहे का? नुसतं 'बरं नाही' म्हणजे नक्की काय ते आम्हाला दोघांनाही कळत नाहीये.

तू सुट्टीचा मेल बघायला पाठवलास, चार ओळींचा, त्यात 'आय हॅव बीन लेइंग इन बेड सिन्स मंडे'. मी लगेच उत्तर टाकलं, लेइंग नाही लाइंग, आणि वर हेही लिहिलं की एवढ्या वर्षांच्या इंग्लिशनंतर ही चूक कशी काय होते. मग तू फोनवर म्हणालीस, "बाबा, मी सोमवारपासून पडून आहे हे तू वाचलंस आणि तुला क्रियापद दिसलं." रात्रभर ते वाक्य गेलं नाही डोक्यातून. फोन ठेवल्यावर मी दिवस मोजले, सोम मंगळ बुध गुरू. चार दिवस. हे मी आधी मोजायला हवं होतं.

त्या वर्षीसारखं नाही ना गं काही? तेव्हाही तू काही नाही काही नाही म्हणत राहिलीस आणि आईला कळलं तेव्हा दादाला रात्रीतून यावं लागलं. असो. तो विषय काढणार नव्हतो.

चूक अशी आहे की जिथे फक्त आपण आडवे असतो तिथे लाय. मी पडलेय, पुस्तक टेबलावर पडलंय, कुत्रा दारात पडलाय, सगळं लाय. आणि कोणाला तरी, कशाला तरी आडवं करायचं, खाली ठेवायचं, मांडायचं तिथे ले. वीट रचतात ते ले, कोंबडी अंडं घालते ते ले. मनात 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारायचं, उत्तर मिळालं तर बहुतेक ले, नाही मिळालं तर लाय. खरं तर आपल्याला हे कोणी शिकवायला नको, निजणं आणि निजवणं हा फरक मराठीत आपण बोलायला लागलो तेव्हापासून करतोय, कधी चुकत नाही. जुन्या इंग्लिशमध्येही हे दोन शब्द असेच एकातून दुसरा निघालेले होते, निजण्यातून निजवणं निघावं तसे.

घोळ होतो तो भूतकाळात. लायचा भूतकाळ काय, तर ले! म्हणजे काल मी दिवसभर पडून होतो, 'आय ले इन बेड', हे बरोबर, आणि 'आय लेड इन बेड' हे चूक, जे सगळे सर्रास बोलतात. लाय, ले, लेन. आणि दुसरं ले, लेड, लेड. हे तू एकदा कागदावर दोन ओळींत एकाखाली एक लिही, तिरकी रेघ काढ एका ले पासून दुसऱ्या ले पर्यंत, मग डोळ्यांना दिसतं. फॉल-फेलचंही असंच बघ, फॉलचा भूतकाळ फेल आणि झाड तोडून पाडणं म्हणजेसुद्धा फेल, पडणं आणि पाडणं.

बघ, पुन्हा शिकवायला लागलो. सॉरी.

तू लहान असताना तुला निजवायचं काम माझ्याकडे होतं. खांद्यावर झोपायचीस पण खाली ठेवायला गेलं की जागी, म्हणून मी आधी पाय टेकवायचो, मग पाठ, मग डोकं, आणि डोक्याखालचा हात काढायला पाच-पाच मिनिटं लागायची, श्वाससुद्धा हळू घ्यायचो. ते लेइंग. तू निजायचीस ते लाइंग. आता तू तिथे एकटी पडून आहेस आणि उशी नीट करायला कोणी आहे की नाही तेही मला माहीत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. माझी नोकरी नवीन होती, अप्पा आजारी पडले, मी रजेचा अर्ज हाताने लिहिला, 'माय फादर इज लेइंग इल'. साहेबांनी लेइंगखाली लाल रेघ मारून अर्ज परत दिला, म्हणाले नीट लिहून आणा. वडिलांना काय झालंय हे नाही विचारलं. मी तो अर्ज जिन्यात बसून पुन्हा लिहिला आणि त्या दिवसापासून हे क्रियापद माझं कधी चुकलं नाही. आणि परवा मी तुला तेच केलं गं. लाल रेघच मारली.

चूक तशी फार मोठ्या लोकांचीही झालीय. बायरन या इंग्लिश कवीने १८१८ साली छापलेल्या कवितेत 'देअर लेट हिम ले' लिहून ठेवलंय, लाय हवं तिथे ले, वरच्या ओळीतल्या 'बे' या शब्दाशी यमक जुळवायचं होतं म्हणून. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. बाकीचा मेल उत्तम होता, कामाचं कोण बघेल ते दोन वाक्यांत किती स्वच्छ सांगितलंयस, मला तुझ्या वयात नसतं जमलं. हे मी आधी लिहायला हवं होतं.

मेल लाइंग करून पाठव, किंवा तसाच पाठव, त्यांना कळेल. डॉक्टरकडे गेलीस का ते सांग. फोनवर बोलायचं नसेल तर नको बोलूस, थर्मामीटर लावून जो आकडा येईल तेवढा मेसेज कर, मी जागा आहे.

बाबा