डबा फेकू नका, प्रत एकच असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मराठी चित्रपटांच्या जतनाविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. घरगुती कॅमेऱ्यावर घेतलेल्या फिल्मचा मात्र त्यात उल्लेख नाही, म्हणून हे पत्र. मी मुंबईतल्या एका फिल्म लॅबमधून निवृत्त झालो. सध्या लेकीकडे न्यू जर्सीला असतो आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातल्या इटालियन घरांमधल्या जुन्या रिळांची तपासणी करायला जातो.

यातली बरीच घराणी मूळची नेपल्सजवळच्या नोला गावची. 1880 ते 1920 या काळात सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत आले, त्यांच्यातली. गावचा उत्सवही त्यांनी इथे आणला. 1903 पासून चालत आलेल्या या उत्सवात जुलैमध्ये ‘जिल्यो’ नावाचा सुमारे 80 फुटी मनोरा, वर बसलेल्या वाजंत्र्यांसकट, शंभरावर माणसं खांद्यावर घेऊन नाचवतात. बहुतेक घरांच्या रिळांत हा उत्सव असतोच. एका रिळात कॅमेरा मनोऱ्याकडे जातच नाही, तो दांड्याखालच्या माणसांवर खिळलेला आहे. एकाने खांद्यावर टॉवेलची घडी ठेवली आहे, शेजारचा त्याचा पट्टा धरून उभा आहे. मुकादमाची काठी खाली आली की सगळ्यांचे गुडघे एकदम वाकतात.

डबा उघडल्यावर व्हिनेगरचा भपकारा आला, तर समजायचं की अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म कुजू लागली आहे. ती आकसते, कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांत बसत नाहीत आणि फाटतात. घरचे लोक हौसेने आजोबांचा प्रोजेक्टर काढतात, तिथेच घात होतो. आम्ही रीळ हातानेच गुंडाळत भिंगाखाली तपासतो, निसटलेले जोड नव्याने लावतो आणि दाते नसलेल्या स्कॅनरवर एकेक फ्रेम टिपतो. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यांवरून ती फिल्म बनल्याचं साल काढता येतं. पण त्या खुणा 20 वर्षांनी पुन्हा त्याच येतात. मग 1936 की 1956, हे रस्त्यावरच्या मोटारी पाहून ठरवायचं.

एका घरची रिळं 1941 च्या उन्हाळ्यापर्यंत सलग आहेत, नंतर खंड आहे. घरातल्या वृद्ध बाईंनी कारण सांगितलं: वडिलांनी कॅमेरा पोलीस ठाण्यात जमा केला होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीविरुद्ध उतरल्यावर अमेरिकेने नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे 6 लाख इटालियनांना ‘शत्रुदेशीय’ ठरवलं आणि त्यांना कॅमेरे, शॉर्टवेव्ह रेडिओ बाळगायला बंदी केली. ऑक्टोबर 1942 मध्ये तो शिक्का उठला. फिल्ममध्ये हे कुठेच दिसत नाही. त्या बाई शेजारी बसल्या होत्या म्हणून कळलं. म्हणून स्कॅन झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते दाखवायचं आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, असा माझा आग्रह असतो. फिल्म मुकी असते, नावं माणसंच सांगू शकतात.

आणि ज्यासाठी हे लिहायला बसलो ते हे. चित्रपटाची निगेटिव्ह असते, प्रिंट असतात. घरगुती फिल्म बहुतेक रिव्हर्सल असायची. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन पडद्यावर दाखवायची, निगेटिव्ह नसायचीच. जगात त्या दृश्याची प्रत एकच. तरीही ‘आता पेनड्राइव्हवर आलंय’ म्हणून मूळ रीळ कचऱ्यात टाकलेलं मी पाहिलं आहे. हे कृपा करून कुणी करू नये. हार्ड डिस्क कधीही दगा देते. शिवाय उद्या याहून चांगला स्कॅनर येईल, तेव्हा मूळ फिल्मच लागेल. ती कोरड्या, थंड जागी ठेवावी. व्हिनेगरचा वास येणारे डबे बाकीच्यांपासून वेगळे काढावेत. संगणकाकडून रंग भरून घेण्याची हौस असेल तर ती प्रतीवर भागवावी, मूळ स्कॅन मात्र आहे तसाच जपावा.

1965 नंतर इथे आलेल्या मराठी घरांच्या तळघरांतही सुपर 8 या छोट्या घरगुती फिल्मची रिळं आहेत: बारशी, पहिला बर्फ, भाड्याच्या हॉलमधला गणपती. त्यानंतरच्या व्हीएचएस टेपा तर फिल्मच्याही आधी जातील. पहिल्या पिढीची घरं आता विकली जात आहेत आणि सामान काढणाऱ्या मुलांना डब्यात काय आहे ते ठाऊक नसतं. आपले अनेक वाचक या मुलांचे काका-मामा आहेत. त्यांनी आजच फोन करून विचारावं.

आपला,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ
(मूळ गिरगाव, सध्या न्यू जर्सी)