मॅडम, तुमचा पेनड्राइव्ह अजून माझ्याकडेच आहे

नमस्कार मॅडम,

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच "ताई ते राहू द्या, पोरं काय म्हणून राहिली ते सांगा" असं करून विषय फिरवता, म्हणून म्हटलं आता इथे सगळ्यांसमोरच लिहिते, इथे तुम्हाला मधेच बोलता येत नाही. नाव लिहीत नाही तुमचं. आपल्या केंद्रातल्या लोकांना कळायचं ते कळेल, बाकीच्यांनी एवढंच समजा की गट साधन केंद्रात एक साधनव्यक्ती, म्हणजे आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण आणि मदत देणाऱ्या, होत्या, वयानं माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, आणि आता बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेल्या.

आधी माझं सांगते, त्याशिवाय आभार कशाचे ते समजणार नाही. नागपूरहून उमरेड रोडनं यायचं, तिकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे मी, सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान. नोकरीला तेवीस वर्षं झाली आणि त्यात प्रशिक्षणं किती केली याचा हिशेब नाही. तंत्रज्ञानाची तर विचारूच नका. नागपुरात कुठेतरी मोठा हॉल, दहाला बोलावणार, साडेअकराला सुरू होणार, वर पंखे खडखड करून राहिले, समोर एक सर पडद्यावरचं जसंच्या तसं वाचून दाखवणार, आम्ही मागे बसून आपापले तक्ते भरणार, मग चहा-समोसा, सही, ग्रुप फोटो, घरी. एकदा तर स्मार्ट बोर्ड कसा वापरायचा हे अख्खा दिवस ऐकलं आणि त्या हॉलमध्ये स्मार्ट बोर्डच नव्हता, त्याचे फोटो दाखवले. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन कोर्स आले तेव्हाचं सांगायला लाज वाटते, पण सांगते, माझ्या मुलानं रात्री बसून नेक्स्ट-नेक्स्ट केलं आणि सर्टिफिकेट माझ्या नावानं आलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात आहे ना, शिक्षकानं वर्षाला निदान ५० तास प्रशिक्षण घ्यावं म्हणून, तर तास भरायला काय लागते हो, तास मी केव्हाच भरले होते.

आणि शाळेत काय, तर लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही ऑफिसात, त्यावर जुन्या साडीचं कव्हर, रिमोट कपाटात आणि कपाटाची किल्ली कोणाकडे ते रोज वेगळं. २०१७ ला सरकारचं ते अभ्यासाचं दीक्षा अॅप आलं, बालभारतीच्या पुस्तकांत ते क्यूआर कोडचे काळे चौकोन आले, अॅप माझ्याही फोनमध्ये होतं, अपडेट मागत पडलेलं. आपल्या सोलापूरकडच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यांनी अर्धी रक्कम बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटली, ती बातमी आली तेव्हा जेवताना आमच्या ह्यांनी विचारलं, "तू काहून नाही करत बापा असं काही?" भाजी खारट झाली त्या दिवशी. मुद्दाम नाही, पण झाली.

तर तुमच्या कार्यशाळेला मी तक्ते घेऊनच आली होती. शेवटून दुसरी खुर्ची. तुम्ही प्रोजेक्टर लावलाच नाही, चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाल्या, तुमची पोरं दरवर्षी कुठे अडकतात ती एक जागा लिहा, धड्याचं नाव नको, जागा. मी लिहिलं, दशांश अपूर्णांक. तुम्ही चिठ्ठी परत आणून दिली, "ताई, दशांशात कुठे?" मी लिहिलं, लहान-मोठं ओळखता येत नाही. तुम्ही परत आल्या, "काय पाहून ते चुकीचं उत्तर देतात?" आणि मॅडम खरं सांगते, मला माहीतच नव्हतं. तेवीस वर्षं चुकीच्या उत्तरावर लाल फुली मारली, पण ते पोरगं तिथपर्यंत कसं पोचलं हे कधी विचारलं नव्हतं. राग आला होता तुमचा. एवढीशी पोरगी आणि दोनदा चिठ्ठी परत करते म्हणजे काय.

मग तुम्ही फळ्यावर खडूनं तीन गोल काढले एकमेकांत अडकलेले, एक विषयाचं ज्ञान, एक शिकवण्याचं, एक तंत्रज्ञानाचं, आणि म्हणाल्या हे मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलं, टीपॅक म्हणतात. मिश्रा ऐकल्यावर मागचे एक सर एकदम जागे झाले, "आपल्याकडचे का?" तर हो, पुण्य मिश्रा, मूळचे भारतातलेच, अमेरिकेत असतात. आणि त्यांच्याही वीस वर्षं आधी, १९८६ मध्ये, शुलमन नावाच्या माणसानं सांगून ठेवलं होतं की विषय येणं वेगळं आणि तो विषय पोरांना कसा समजेल हे येणं वेगळं, मिश्रांनी त्यात तिसरा गोल जोडला. तिन्ही गोल जिथे एकमेकांवर येतात त्या बारक्या जागेत तुम्ही खडूचं टिंब दिलं आणि म्हणाल्या, आतापर्यंत आपल्याला फक्त एका गोलाचं प्रशिक्षण मिळालं, कुठलं बटन दाबायचं त्याचं. मी तक्ते पिशवीत टाकले.

पण आभार त्या दिवसाचे नाहीत. असं छान बोलणारे आधीही येऊन गेले होते. आभार याचे की तुम्ही नंतर आल्या. एप्रिल महिना, सकाळची शाळा, नागपूरचं ऊन काय असते ते इथल्यांना सांगायला नको, आणि तुम्ही तोंडाला दुपट्टा बांधून अॅक्टिव्हावर पावणेसातला गेटसमोर उभ्या. मी समजली तपासणी आली. तुम्ही म्हणाल्या, "तुमची ती दशांशाची जागा बघायला आली."

प्लिकर्सची कार्डं तुम्ही आदल्या आठवड्यातच माझ्याकडून तयार करून घेतली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साधा कागद असतो, त्यावर क्यूआर कोडसारखी एक काळी आकृती, प्रत्येक पोराची वेगळी, चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. पोरानं आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं, बाईनं फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर दिसते. पोरांकडे काहीच लागत नाही, फोन एकच, तो बाईचा, आणि शेजारच्याचं पाहून लिहायची सोय नाही कारण प्रत्येकाची आकृती वेगळी. मी हौसेनं लॅमिनेशन करून आणलं होतं चांगलं चकचकीत, तर ट्यूबलाइट चमकून फोन वाचेचना. मग तुम्हीच आयडिया दिली आणि दुसरा सेट आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवला, त्यामुळे आमच्या अर्ध्या कार्डांच्या मागे अजून "आमच्या येथे श्रीकृपेकरून" आहे.

प्रश्न एकच टाकला. ०.५ आणि ०.२५, मोठं कोणतं. हा भाग शिकवून मला दोन आठवडे झाले होते, चाचणी झाली होती, माझ्या हिशेबानं विषय संपला होता. चोवीस पोरं हजर. मी फोन फिरवला आणि प्रत्येक कार्डावर लाल नाहीतर हिरवं उमटत गेलं, आणि मॅडम, सोळा लाल. सोळा! त्यात पहिला-दुसरा नंबरवालेही. माझा हात थरथरून राहिला होता, तुम्ही पाहिलं असेल, काही बोलल्या नाही. मी खडू उचलला पुन्हा समजावून सांगायला तर तुम्ही हळूच म्हणाल्या, "ताई थांबा, उत्तर सांगू नका. शेजाऱ्याशी बोलू द्या दोन मिनिटं, ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याच्याशी." वर्गात बाजार भरला. आणि खिडकीजवळची ती, जी वर्षभर हजेरीच्या यस मॅडमपलीकडे बोलली नव्हती, ती शेजारणीला जवळजवळ ओरडूनच सांगून राहिली होती, "अगं पंचवीस पाहू नको ना, माझ्या बाबाच्या काट्यावर पाव किलोला झिरो पॉइंट टू फाइव्ह येते आणि अर्ध्या किलोला झिरो पॉइंट फाइव्ह, मग पाव किलो वांगे जास्त का अर्धा किलो?"

तिचा बाप गुजरीत भाजी विकतो. इलेक्ट्रॉनिक काटा. रोज संध्याकाळी ती पोरगी दशांश अपूर्णांक वाचून राहिली होती आणि मी तिला पॉइंटच्या पुढचे स्थान घोकायला लावत होती. सोळाजणांना पाचापेक्षा पंचवीस मोठे दिसत होते, बस एवढंच. दुसऱ्यांदा फोन फिरवला तर लाल पाच. त्या पाचजणांना दुसऱ्या दिवशी काट्यासकट बसवलं, तो काटा तिनंच आणला.

नंतर खिचडी खाता खाता तुम्ही सांगितलं की हे शेजाऱ्याशी बोलायला लावणं हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी नव्वदच्या दशकापासून चालवलं, मोठ्या मोठ्या कॉलेजच्या पोरांसोबत. म्हटलं बरं झालं आधी नाही सांगितलं, मी घाबरली असती.

दुसऱ्या वेळचं तर मी घरी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही येणार म्हणून मी टीव्ही वर्गात आणवला, साडी काढली, बी रुजण्याचा मस्त व्हिडिओ लावला, पोरं चिडीचूप, मला वाटलं आता मॅडम खूश. तुम्ही मागे बसून पाहिलं आणि सुट्टीत विचारलं, "ताई, मटकी भिजवली असती तर?" मला रडूच आलं. आदल्या रात्री एक तास तो व्हिडिओ शोधला होता हो. तेव्हा तुम्ही पेनड्राइव्ह काढला, त्यात फेट नावाच्या साइटवरचे सिम्युलेशन (पडद्यावर स्वतः करून पाहायचे प्रयोग) मराठीतले, डाउनलोड केलेले, म्हणजे नेट नसलं तरी चालतात, आणि विद्युत परिपथाचं लावून दाखवलं, वायर जोडली की आतून ते निळे ठिपके सरकतात, बटन बंद केलं की सगळे एकदम थांबतात. जे हातात घेता येते ते हातात द्या, टीव्ही अशासाठी ठेवा जे डोळ्याला दिसतच नाही, तुमचं हे वाक्य मी टीव्हीच्या मागे खडूनं लिहून ठेवलं आहे. (फेट सुरू करणारे कार्ल वीमन हे नोबेलवाले आहेत, २००१ चं भौतिकशास्त्राचं, हे मी नंतर स्वतः वाचलं, तुम्ही नव्हतं सांगितलं, बघा!) तुम्ही येऊन सांगितलं नसतं तर मी आयुष्यभर व्हिडिओ लावत राहिली असती आणि त्यालाच तंत्रज्ञान म्हणत राहिली असती.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा नेटच गेलं होतं, प्लिकर्स बंद, मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही पोरांना म्हणाल्या बोटं छातीशी धरा, ए असेल तर एक, बी असेल तर दोन. झालं काम. आता मी महिन्यातून एखाद्या वेळेसच कार्डं काढते, बाकी बोटंच. तुम्हाला राग नाही ना येणार.

अजून एक, मागच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, मला चाळीस मिनिटं दिली होती. मी पण चिठ्ठ्या वाटल्या. एक सर म्हणाले, मॅडम माझी दोन वर्षं राहिली, आता काय नवीन. मी त्यांची चिठ्ठी दोनदा परत केली, तिसऱ्यांदा ते चिडले, आणि मला एकदम तुमची आठवण आली. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांच्या शाळेत गेली मी, सुट्टी टाकून नाही, केंद्रप्रमुखांना सांगून रीतसर, बसचं तिकीट मात्र स्वतःचं. तुमच्या पेट्रोलचं कोणी दिलं होतं का हे मी कधी विचारलं नाही, ते तिकीट काढताना सुचलं.

पेनड्राइव्ह माझ्याकडेच राहिला आहे, संत्रीच्या किचेनचा. कुरिअरनं पाठवणार नाही. फेब्रुवारीत मृगाची संत्री निघतील, त्या काट्यावालीच्या काकाची बाग आहे, तेव्हा शनिवार पाहून या, सकाळची शाळा असते. आणि येताना सतरा नंबरचं कार्ड तेवढं प्रिंट करून आणा, ते बकरीनं खाल्लं आणि आमच्या प्रिंटरची शाई संपली आहे.

तुमची,
दशांशवाली ताई