पाटबंधारेवाल्या काकांना, चढ शिकवल्याबद्दल

काका, नमस्कार. तुम्हाला समोर येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. आणि माझ्यासारख्या सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेल्या सांगलीत अजून कितीतरी जणी असतील, त्यांच्याही उपयोगाला येईल म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

रेषेचं समीकरण आलं की मला काही सुचायचंच नाही. पुतणीही यंदा दहावीलाच, तिच्या क्लासमध्ये रेषेच्या चढाचं सूत्र लिहून दिलेलं, वाय दोन वजा वाय एक भागिले एक्स दोन वजा एक्स एक, ते आम्हा दोघींना तोंडपाठ. पण हा चढ नक्की कशाचा आणि उत्तर आलं तर त्याचं करायचं काय, ते कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही वही मिटायला लावलीत आणि विचारलंत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागलं की तू पहिलं काय विचारतेस?

सांगलीच्या माणसाला हे विचारायला लागतंय होय! २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा घराघरात दुसरं बोलणंच नव्हतं. मी म्हटलं, किती फूट झालं आणि तासाला किती वाढतंय. तुम्ही म्हणालात, झालं की मग, तासाला किती वाढतंय तोच चढ.

मग तुम्ही आकडे घातले. समज संध्याकाळी ६ ला पाणी ३२ फूट आणि रात्री १० ला ३४. सहापासून तास मोजायचे, म्हणजे दोन बिंदू मिळाले, (०, ३२) आणि (४, ३४). पाणी वाढलं २ फूट, तास गेले ४, चढ आला अर्धा, म्हणजे तासाला अर्धा फूट. समीकरण झालं वाय = एक्स/२ + ३२, त्यातला ३२ म्हणजे सुरुवातीची पातळी, रेषा वाय अक्षाला छेदते ती जागा. ४० फुटांची इशारा पातळी कधी गाठेल, तर अजून ८ फूट म्हणजे १६ तास, दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता. ४५ ची धोका पातळी २६ तासांनी, रात्री ८ ला. हे मी स्वतः काढलं काका, तुम्ही नुसते गप्प बसून बघत होता, आणि ते गप्प बसणं मला फार मोलाचं वाटलं.

पाणी उतरायला लागलं की चढ वजा, एका जागी थांबलं की चढ शून्य, इथपर्यंत सोपं होतं. पण उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही हे पुस्तकातलं वाक्य मी नुसतं पाठ केलं होतं. तुम्ही विचारलंत, एकाच क्षणाला पाणी ४० पण आणि ४५ पण असेल का? नसेल ना, वेळ पुढे सरकलाच नाही तर भागायचं कशानं, शून्यानं? तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

नंतर २एक्स + ३वाय = १२ घेतलं, कारण पेपरात समीकरण असंच येतं. एक्स शून्य ठेवला की वाय ४, वाय शून्य ठेवला की एक्स ६, दोन बिंदू तयार, (०, ४) आणि (६, ०). ३वाय = १२ − २एक्स असं लिहून ३ नं भागलं की एक्सला गुणणारा आकडा −२/३, तोच चढ. आणि एक्सच्या जागी ०, ३, ६ असे तीनच्या पटीतले आकडे घे म्हणजे अपूर्णांक येत नाहीत, ही तुमची टीप तर मी क्लासच्या सगळ्या पोरींना पोचवली. चढ −२/३ म्हणजे कुठल्याही बिंदूपासून ३ घरं उजवीकडे आणि २ घरं खाली, (०, ४) वरून (३, २), तिथून (६, ०), आलेख कागदावर बोट ठेवून चालत जायचं. तिसरा बिंदू त्याच रेषेत बसला नाही तर आकडेमोड परत बघायची. एकरेषीय बिंदू दाखवा म्हणतात ते हेच, दोन-दोन बिंदूंचा चढ सारखा आला पाहिजे.

खरी नदी अशी सरळ रेषेत चढत नाही हेही तुम्ही लगेच सांगितलंत. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडवरून इथं यायला वेळ लागतो, आणि पाणी पात्राबाहेर पसरलं की तेवढ्याच पाण्याला पातळी हळू चढते, चढ बदलत राहतो. उगाच सोपं करून सांगितलं नाहीत म्हणून तुमच्यावर जास्त विश्वास बसला. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात पाण्याची मोजमापं घेतलीत तुम्ही, आणि तीच विद्या रात्री जेवणं उरकल्यावर, एक पैसा न घेता आमच्यासमोर मांडलीत. मी तेच तेच परत विचारलं तरी तुम्ही नवीन आकडे घालून पहिल्यापासून सांगायचात. काकूंनी सिरियलचा आवाज बारीक केला, त्यांचेही खूप आभार.

आता तेवढं चढ म्हणजे टॅन थीटा (थीटा म्हणजे रेषेचा एक्स अक्षाशी होणारा कोन) आणि ४५ अंशाला चढ १ का येतो, ते राहिलंय. रविवारी दोघी येतो काका, आलेख कागद आम्ही आणतो आणि चहा मी करणार, काकूंना उठू देणार नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची