गाळ कुठं टाकला, हे आम्हाला पण विचारायचंय

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

साहेब, नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमधे राहतो, मतदार आहे, घरपट्टी पाणीपट्टी वेळेवर भरतो. कुठल्याच पक्षाचा नाही. हे पत्र तक्रारीचं कमी आणि मागणीचं जास्त आहे, गावात ग्रामसभा भरते तशी शहरातही मतदारांची सभा भरावी ही ती मागणी, म्हणून शेवटपर्यंत वाचा एवढी विनंती.

आमच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मधे संपली. घटनेच्या कलम 243यू मधे सरळ लिहिलंय की मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत नवीन निवडणूक. तरी आम्ही जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाताखाली काढली. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, तारखा, यातच दिवस गेले, शेवटी 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा चक्रं हलली आणि 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. नाशिकला हे नवीन नाही बरं का. 1982 ला महापालिका झाली आणि पहिली निवडणूक झाली ती 1992 ला, म्हणजे पहिली दहा वर्षं पण प्रशासकच होता.

आता नगरसेवक आले. आनंद आहे, मी सकाळी साडेसातला रांगेत उभा होतो. पण तेवढ्यानं भागत नाही साहेब, आणि ते का हे सांगायला मला पेठ तालुक्यात जावं लागेल.

माझा एक मित्र तिकडं झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे. 2 ऑक्टोबरला त्याच्याकडं गेलो होतो, त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा होती. खाली सतरंजी, एक टेबल, टेबलावर रजिस्टर. ग्रामसेवक खर्च वाचून दाखवत होते, विहिरीतला गाळ काढणे, अमुक इतके रुपये. मागून एक म्हातारी आजी उठली आणि म्हणाली, "गाळ काढला तर ढीग दिसायला पायजे ना, कुठं टाकला?" बस्स एवढंच. ग्रामसेवकांनी पानं उलटली, सरपंचांनी कुणाला तरी फोन लावला, आणि शेवटी ठरलं की चार माणसं जाऊन विहीर बघून येतील मगच बिल मंजूर. रजिस्टरमधे तसं लिहिलं, आजीनं अंगठा दिला. मी हे बघत होतो आणि माझ्या पोटात काहीतरी कालवलं, कारण माझं शिक्षण त्या आजीपेक्षा कितीतरी जास्त, पण असा प्रश्न मी आयुष्यात एकदाही विचारू शकलेलो नाही. विचारायला जागाच नाही.

आमच्या कॉलनीतला रस्ता दीड वर्षात तीनदा खोदला. एकदा गॅसची लाईन, एकदा केबल, तिसऱ्यांदा कशासाठी ते अजून कळलं नाही. अर्ज घेऊन एका ऑफिसात गेलो तर फाईल वर गेलीय म्हणाले, वर गेलो तर खाली आलीय म्हणाले. 2017 ला 31 प्रभागांतून 122 नगरसेवक निवडून दिले होते, बहुतेक प्रभागांत चार-चार, फक्त दोन प्रभागांत तीन-तीन. 2011 च्या जनगणनेत शहर 14 लाख 86 हजारांचं, म्हणजे एका प्रभागात सरासरी 48 हजार माणसं झाली, आज तर किती असतील. त्यात चार नगरसेवक असले की तुमच्या गल्लीचं कोण बघतं हे विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. प्रभाग समित्या सहा, सहा विभागांच्या. जुन्या जनगणनेनं धरलं तरी एका समितीमागं अडीच लाख लोक! तिथं आमच्यासारख्याचा आवाज कसा पोचणार.

गावाला ग्रामसभा कलम 243ए नं दिली, 73 व्या घटनादुरुस्तीत. शहरांची 74 वी दुरुस्ती 1993 लाच लागू झाली, पण तिच्यात मतदारांची सभा नाहीच, वॉर्ड समितीवर, म्हणजे प्रभाग समितीवर थांबली. ही उणीव भरायला आपल्याच विधिमंडळानं 2009 मधे क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र आणि तिथला प्रत्येक मतदार त्या सभेचा सभासद. कायदा आहे साहेब! पण मला आजपर्यंत एकाही क्षेत्रसभेची नोटीस आलेली नाही. ओळखीत पंचवीसतीस जणांना विचारलं, सिडको, सातपूर, नाशिकरोड सगळीकडचे, कुणी हा शब्दच ऐकलेला नाही. गावात ग्रामसभा घेतली नाही तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, म्हणून ती निदान भरते तरी.

ग्रामसभा म्हणजे सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत गावांवर कडक टीका केली होती, आणि ज्यांना काळाराम मंदिराच्या दारात 1930 पासून पाच वर्षं सत्याग्रह करावा लागला त्यांनी ती का केली हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. गावात दबाव असतो, जात असते, बायकांना बोलू देत नाहीत. म्हणूनच आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आला. दोष आहेत म्हणून सभा बंद नाही केली, ती सुधारली. शहरात सुधारायला आधी सुरू तर व्हायला हवी.

तपोवनाचंच घ्या. येणाऱ्या कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तिथल्या दीड हजाराहून जास्त झाडांवर तोडायच्या खुणा झाल्या तेव्हा लोकांना कळलं, मग मोर्चे, हरकती, घोषणा. कुंभ आम्हाला पण हवाय, तो आमचाच आहे. पण हाच प्लॅन आधी तिथल्या क्षेत्रसभेत मांडला असता, नकाशा भिंतीवर लावला असता, तर भांडण रस्त्यावर यायच्या आधी लोकांनी दुसरी जागा सुचवली असती की नसती? मला वाटतं सुचवली असती.

तर मागणी अशी. नाशिकमधली क्षेत्रं ठरवून त्यांची यादी जाहीर करा. वर्षातल्या सभांच्या तारखा आधीच छापा, गावाला 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर माहीत असतात तशा. आणि त्या सभेत आमच्या भागात झालेल्या कामांची बिलं वाचून दाखवा, रस्ता कुणी खोदला, किती पैसे भरले, बुजवायचा कुणी, सगळं. सभा घेतली नाही तर काय होईल ते पण लोकांना सांगा.

जागेची काळजी करू नका. आमच्या कॉलनीतल्या मंदिराचा हॉल आहे, साठ खुर्च्या आहेत, माईक आहे. रजिस्टर मी आणतो.

आपला,
इंदिरानगर, नाशिकचा एक मतदार